सातव्या प्रश्नाचं कौशल्य

"बाई, एका प्रश्नाला एकच कौशल्य. दुसरं भरलंत तर ॲप घेत नाही," आमचे केंद्रप्रमुख विनोद सर म्हणाले.

गणित चाचणीतला प्रत्येक प्रश्न सोडवायला मुलाला काय यावं लागतं, ते भरायला आम्हा शिक्षकांना महाडला बोलावलं होतं. सातवा प्रश्न असा: पोलादपूरहून ९.४० ला सुटलेली एसटी १०.१५ ला महाडला पोचली, तर किती मिनिटं लागली? याला वाचन लागतं, घड्याळ लागतं, तासाची साठ मिनिटं ठाऊक लागतात. मी पुष्कळ भांडले. जेवणं खोळंबली, सगळे माझ्याकडेच बघायला लागले. शेवटी चिडून 'वजाबाकी' भरलं आणि मोकळी झाले.

चाचणीत वजाबाकीचा म्हणून तेवढाच प्रश्न होता. निकालात माझ्या पाचवीतल्या सलोनीची वजाबाकी लाल. तिला शिष्यवृत्तीच्या शनिवारच्या वर्गाला जायचं होतं, आणि लाल असलेल्यांना तिथे घेत नाहीत.

तिचा पेपर काढला. उत्तर लिहिलं होतं, पंचाहत्तर मिनिटं. १०१५ मधून ९४० वजा, अगदी चोख. चुकलं इतकंच, की तासाची मिनिटं शंभर धरली. तिच्या वाडीवर गाडी चढतच नाही. माणसं डोंगर उतरून रस्त्याला उभी राहतात आणि एसटी येईल तेव्हा चढतात. मिनिटं कोण मोजतं?

मी सरांना फोन लावला. "सर, पोरीला वजाबाकी येते. घड्याळ येत नाही, ते मी आज दुपारी शिकवते."

"मग वजाबाकी कोणी भरलं?"

"मीच."

"आता बदलता येत नाही. उपचारात्मक वर्ग घ्या, महिन्याने पुन्हा चाचणी होईल."

"तोवर शनिवारचा वर्ग भरून जाईल."

"माझ्या हातात काही नाही, बाई."

सरांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा.

दुपारी सलोनीला घड्याळ शिकवलं. अर्ध्या तासात जमलं. मग उपचारात्मक वर्ग म्हणून वरून आलेला वजाबाकीचा सराव द्यावाच लागला, दुसरीच्या पोरांसोबत बसवून.

"बाई, मला वजाबाकी येत नाय?"

"येते गं."

"मग लाल का हाय?"

"माझं चुकलं म्हणून."

तिला ते पटलं नाही. पहिलंच गणित होतं, बावन्न वजा सतरा. एरवी मी फळ्यावर लिहायच्या आत ती उत्तर सांगायची. आज तिनं हात बाकाखाली नेला आणि बोटं मोजायला लागली.