कापसाचे तीन थर

सेलूच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, कापूस खरेदीला लिंबाजी शेठचा हात म्हणजे शेवटचा शब्द. ओल मोजायचं मशीन त्यांच्याकडं होतं, पण ते कपाटात. शेतकऱ्याची गाडी आली की शेठ कोपरापर्यंत हात कापसात खुपसायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "ओल हाय." झालं! भाव तिथंच खाली यायचा. आठ दिवस कडक उन्हात वाळवलेल्या कापसातही शेठच्या हाताला ओल सापडायचीच. कापूस पाणी धरतो बाबा, त्याला मी काय करू, असं वर हळहळायचेही. माणूस मोठा हळवा, बरं का.

अशा शेठची एकुलती एक लेक निकिता शिडाची होडी चालवायला शिकली. परभणी जिल्ह्यात शिडाची होडी! मोंढ्यानं तोंडात बोटं घातली. पण येलदरीच्या धरणावर शिबिर भरलं, पोरीला वारा कळायला लागला, आणि आता डिसेंबरात तिथंच राज्याच्या संघाची निवड होती. एकाच दिवशी दोन फेऱ्या, सकाळी एक आणि दुपारी एक. दोन्हींतली एक जरी नीट पार पडली तरी नाव लागणार होतं. दोन वर्षं पोरीच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

ट्रेनर मॅडमनी यादी पाठवली. वरचा वॉटरप्रूफ सूट संघाकडून मिळणार, आत घालायचं ते ज्याचं त्यानं आणायचं. अंगालगत पॉलिएस्टरची जर्सी, तिच्यावर फ्लीसचं, म्हणजे कृत्रिम लोकरीचं जॅकेट, आणि खाली लाल अक्षरांत लिहिलेलं की सुती काहीही नको.

लाल अक्षरं वाचून शेठचं टाळकंच सटकलं. ज्या कापसावर घराचे दोन मजले चढले, तोच नको? निकितानं समजावून पाहिलं. सूट बाहेरचं पाणी अडवतो, पण आत घाम येतोच, सुती कपडा तो घाम पिऊन अंगाला चिकटतो आणि वाऱ्यात माणूस गारठतो. शेठ म्हणाले, हे सगळं प्लास्टिकवाल्यांचं कारस्थान आहे, कापूस कुठं पाणी धरत असतो का! नुकतेच मोंढ्यातून आले होते, मनगटाला कापसाचे तंतू तसेच चिकटलेले.

मग शेठनी जातीनं पोरीसाठी कपडे निवडले. आत सुती बनियन, त्यावर खादीचा सदरा, त्यावर आपल्याच जिनिंग मिलचा कापूस भरून शिवलेली जाड बंडी. निकितानं आणलेली जर्सी आणि फ्लीस पिशवीतून काढून घरीच ठेवलं आणि तिन्ही थरांचा फोटो व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. बापाचा हिरमोड नको म्हणून निकिता गप्प बसली. बसायला नको होतं.

येलदरीला काठावर सिद्धोधन भेटला. वालूरचा, तीन एकरांचा शेतकरी. त्याची लेक संघप्रियाही निवडीला आली होती. मागल्याच आठवड्यात त्याच्या कापसात शेठच्या हाताला ओल सापडली होती. संघप्रियाच्या अंगात कबड्डीची जुनी पॉलिएस्टर जर्सी होती आणि वर आठवडी बाजारातलं फ्लीस. शेठनी तिच्याकडं बघून तोंड वाकडं केलं आणि सिद्धोधनला ऐकवलं, की स्वतः कापूस पिकवतोस अन् लेकीला प्लास्टिक घालतोस. सिद्धोधननं लेकीच्या फ्लीसची चेन गळ्यापर्यंत ओढून दिली.

सकाळच्या फेरीतून तासाभरात निकिताची होडी अर्ध्यातूनच परत आली. पोरीचे ओठ निळे पडले होते, बोटांत दोरी ठरत नव्हती. सूट उघडला तर धरणाचं पाणी थेंबभरही आत गेलेलं नव्हतं, आणि तरी घामानं बंडीपर्यंत सगळं चिंब. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, दुपारी हेच कपडे असतील तर होडी मिळणार नाही. घरची जर्सी सेलूला, आणि दुसरी फेरी दोन तासांवर. निकिता त्यांच्याकडं बघतच नव्हती, तेच त्यांना जास्त लागलं.

शेठ सिद्धोधनजवळ गेले. "सिद्धोधनभाऊ," ते म्हणाले, आणि भाऊ हा शब्द त्यांच्या तोंडून मोंढ्यात कुणी ऐकलेला नव्हता. "एखादी जर्सी जादा असंल तर..."

सिद्धोधननं संघप्रियाची दुसरी जर्सी आणि फ्लीस काढून निकिताच्या हाती दिलं. जराही आढेवेढे घेतले नाहीत. मग दगडावर पडलेली बंडी उचलून त्यानं शेठच्या समोर पिळली. धार लागली.

"शेठ, ह्याला म्हणतात ओल," तो म्हणाला.

दुपारी वारा सकाळपेक्षा जोरात होता. निकिता पूर्ण फेरी मारून आली, गाल लाल, बोटं शाबूत. मॅडमनी संघाच्या यादीत संघप्रियाच्या नावाखाली तिचं नाव लिहिलं. सूट उतरवून पोरगी पळत येऊन बापाला बिलगली, तसा शेठचा हात सवयीनं तिच्या बाहीत गेला. कोपरापर्यंत. डोळे मिटले. जवळ सिद्धोधन उभा होता. शेठनी बाही आतून पुन्हा एकदा चाचपली.

"कोरडं हाय," शेवटी ते म्हणाले.

"मंजी, शेठ," सिद्धोधन शांतपणे म्हणाला, "तुमच्या हाताला कोरडं बी कळतंय."