बंगालीतला ओरडा

लीना रोज बेहाला या उपनगरातून प्राणिसंग्रहालयात यायची ती डॉक्टर म्हणून, पण संगाईच्या पाडसाने तिला पार आई करून टाकलं होतं. संगाई म्हणजे मणिपूरच्या दलदलीतलं देखणं हरीण. याची आई वितानाच गेली आणि हे ठिपक्याठिपक्यांचं लेकरू लीनाच्या पदरात पडलं. बाटलीने कोमट दूध पाजायचं, मग ओल्या फडक्याने शेपटीखाली पुसायचं, कारण आईने चाटल्याशिवाय या पोरांना शी-शू होत नाही. एवढंच करायचं, बोलायचं मात्र नाही, हा नियम तिचाच. पण घरी बंगालात वाढलेली लेक बंगालीत उत्तरं देणारी, नवरा बँकेच्या कामात बुडालेला. हिचं मराठी ऐकून घ्यायला होतं कोण? "पी रे राजा, पी रे सोन्या," हे अखंड चालायचं.

व्हायचं तेच झालं. पाडस कळपाकडे ढुंकून बघेना. आणि नर माणसाळला की त्याची भीड चेपते, मोठेपणी तो माणसावरच शिंगं रोखतो. मग जन्मभर एकट्याने कोंडून राहायचं. ते लीनाला बघवलं नसतं.

त्या सकाळी हरणांची देखभाल करणाऱ्या निमाईदाने पाडसाला कळपात सोडलं. ते गर्रकन वळून कुंपणापाशी आलं आणि लीनासमोर तार चोखू लागलं.

"हाकला त्याला, मॅडम," निमाईदा हिंदीत म्हणाला.

"जा ना रे राजा," लीना म्हणाली. ते आणखीच बिलगलं. रागवायला तोंड उघडावं तर लाडच बाहेर पडत होते. शेवटी तिने बादली तारेवर आपटली आणि बाजारात ऐकलेल्या बंगालीत ओरडली, "पाला! पाला एखान थेके!" पळ, पळ इथून.

पाडस उधळलं ते थेट माद्यांच्या पायांत. एक थोरली मादी वाकली, तिने त्याला हुंगलं आणि त्याचा कान चाटायला घेतला.

"बंगालीत का ओरडलात?" निमाईदाने विचारलं.

"मराठीत जीभच वळली नसती हो."

महिन्याभराने ती फेरीला गेली. तिची चाहूल लागताच कळप पळाला. संगाई पळता पळता थांबून मागे बघतं म्हणतात, तशी बाकीची थांबली. तिचा राजा थांबला नाही.

लीनाला रडू फुटलं. डोळे पुसत ती निमाईदाला म्हणाली, "आज तोंड गोड करू, संदेश माझ्याकडून."