बटणची अदलाबदल

लाँड्रीवाल्याचा एक गुण सगळी गल्ली मान्य करायची. त्याच्या हातून कपडा बिघडला तरी गिऱ्हाइकाला पत्ता लागायचा नाही. इस्त्रीने शर्टाची पाठ भाजली, की हा गावभर हिंडून हुबेहूब तसाच शर्ट आणायचा, दोनदा धुऊन जुना करायचा आणि घडी घालून हसतमुखाने द्यायचा. याला तो प्रामाणिकपणा म्हणायचा. इस्त्रीच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या बायकोचं मत वेगळं होतं. ते कुणी विचारत नसे, म्हणून ती न विचारता सांगायची.

कपड्यांची अदलाबदल झाली तर मात्र तो काही लपवायचा नाही. लगेच सायकल काढायचा. "आपलं ज्याच्याकडे गेलंय, त्याचं आपल्याकडे आलेलं असतं. तोही वाटच बघत असतो." हे वाक्य त्यांच्या आठ वर्षांच्या ठमीने झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

ठमीचा कुत्रा बटण. तपकिरी, पुढचा एक पाय पांढरा. दुकानात येणाऱ्याच्या नेमका पायात येईल असा दारात झोपायचा, आणि लोक त्याला ओलांडून आत जाताना आपणच त्याची माफी मागायचे. तो खाईनासा झाला, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतलं. ठमीने देवाला गाठलं. रोज संध्याकाळी टांगलेल्या कपड्यांच्या मागे उभी राहून ती डोळे मिटायची. "देवा, बटणला घरी पाठव. सायकल राहू दे." आधीची मागणी आपणहून मागे घेणारी माणसं देवालाही रोज भेटत नसावीत.

मंगळवारी दुपारी लाँड्रीवाला दवाखान्यात गेला, तेव्हा बटण टेबलावर होता आणि त्याच्या अंगावर चादर होती. ती वाकडी पडली होती. लाँड्रीवाल्याने आधी ती सारखी केली.

संध्याकाळी तो घरी आला तो दोरीला कुत्रा बांधून. तपकिरी, पुढचा एक पाय पांढरा.

बायकोच्या हातातली इस्त्री हातातच राहिली. "अहो, हा काय शर्ट आहे?"

"हळू बोल. तिला कळणार नाही."

"गिऱ्हाइकांनाही कळतं. बोलत नाहीत, एवढंच."

ठमी आतून धावत आली आणि दोन हात अंतरावर थबकली. कुत्र्याने पाहुण्याच्या अदबीने तिची बोटं हुंगली.

"बटण?" ती म्हणाली. कुत्रा दाराकडे बघत राहिला.

"आला की नाही?" लाँड्रीवाला म्हणाला. "औषधांनी जरा विसरभोळा झालाय."

बटणचा उजवा पाय पांढरा होता. याचा डावा. ठमीच्या सगळा घोटाळा लक्षात आला. देवाकडे तरी किती घरची गाठोडी येत असतील, झाली असेल अदलाबदल. बाबाला मात्र काही कळलेलं दिसत नव्हतं. इतक्या दिवसांनी तो हसत होता, म्हणून त्याचं मन मोडायला नको असं ठरवून ती "हो" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने दोरी हातात घेतली आणि कुत्र्याला म्हणाली, "चल, तुझं घर दाखव." त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. लाकडाच्या वखारीवरून, पुलाखालून ओढत ओढत त्याने तिला गोदामाच्या फाटकाशी नेलं.

तिथल्या पहारेकऱ्याला सगळे कुलूपकाका म्हणायचे. त्याला रस्ता विचारला तर तो हाताने दाखवायचा, शब्द वाया घालवायचा नाही. फाटकाच्या सावलीत कुणी उभं राहिलं तरी त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या. कुत्र्याने त्याच्या अंगावर उडी घेतली.

"काका, अदलाबदल झाली होती," ठमी म्हणाली. "हा तुमचा घ्या. आमचा द्या." ती त्याच्या पायांमधून आत डोकावत होती. "त्याचा उजवा पाय पांढरा आहे."

कुलूपकाका गप्प राहिला, त्यात नवल नव्हतं. मग त्याने आपलं स्टूल तिच्यापुढे सरकवलं आणि स्वतः जमिनीवर बसला. हे नवल होतं.

"पोरी, तुझा इथेच आहे. पण देता यायचा नाही."

"का?"

"तो मेलाय. काल."

ठमी स्टुलाची कड धरून बसली. "पण मी देवाला सांगितलं होतं."

"सांगितलं असशील."

"मग?"

"देवाचं मला ठाऊक नाही. मी गोदाम सांभाळतो." तो कुत्र्याचे कान कुरवाळत राहिला. "तुझा बाप जागा मागायला आला होता. खड्डा आम्ही दोघांनी खणला. मग तो माझ्या या कुत्र्याकडे, शिपायाकडे बघून रडायला लागला. म्हणाला, पोरीला सांगायचा धीर होईपर्यंत द्या. मी म्हटलं, ठेवूनच घ्या."

"तुम्हाला करमलं?"

"नाही," कुलूपकाका म्हणाला. "सकाळी भाकरी मोडली, त्याला हाक मारली, मग आठवलं."

गोदामाच्या मागे भिंतीलगत माती नवी दिसत होती. त्याने तिला तिथे नेलं आणि तो चार पावलं मागे थांबला. ठमी खाली बसली. ती मोठ्याने रडली नाही, खांदे तेवढे हलत होते. शिपाई जवळ आला, तसं तिने त्याला ढकललं. मग त्याचं काही चुकलेलं नाही हे ध्यानात येऊन तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात सायकल भिंतीला टेकवून लाँड्रीवाला धापा टाकत आला. "अगं, बटणला घेऊन कुठे..." ती कुठे बसली आहे ते त्याला दिसलं.

ठमीने वर बघितलं नाही. "बाबा, त्याचं डोकं कुठल्या बाजूला आहे?"

लाँड्रीवाल्याने कपाळावरचा घाम पुसला. कुलूपकाका दुसरीकडे बघू लागला.

"भिंतीकडे," लाँड्रीवाला म्हणाला.

ठमी उठून भिंतीच्या बाजूला जाऊन बसली. तो तिच्याशेजारी टेकू लागला, तशी ती म्हणाली, "इथे नको. तू पायांकडे बस."

तो जाऊन पायांकडे बसला.