अबाधित विक्रमाचा फलक

शाळेतून फोन आला तेव्हा बाई गाडी शिकवत होत्या. शिकणारे गृहस्थ बँकेत मोठे अधिकारी होते, पण स्टिअरिंगवर हात ठेवला की त्यांची गाळण उडायची. रस्त्यावर वाळकं पान उडत आलं तरी ते करकचून ब्रेक मारत.

"गाडी कडेला घ्या आणि कशालाही हात लावू नका," असं त्यांना सांगून बाईंनी फोन उचलला.

पलीकडे त्यांच्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. शाळेने माजी खेळाडूंचा गौरव करायचं ठरवलं होतं. सभागृहाबाहेरच्या भिंतीवर फलक लागणार होते, आणि पहिला मान मुलींच्या रिले संघाला द्यायचा, यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं. आंतरशालेय स्पर्धेतला त्यांचा विक्रम इतक्या वर्षांत कोणाला मोडता आला नव्हता.

"चौघींनीही यायचं हं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "पडदा तुमच्याच हस्ते काढायचा आहे."

बाई हरखून गेल्या. चौघी म्हणजे त्यात वहिनीही आली, हे लक्षात यायला त्यांना पुढचा सिग्नल लागला.

त्या संघात बाई तिसऱ्या टप्प्यावर धावायच्या. आवाज मोठा म्हणून त्यांचं नाव भोंगा. चौथ्या टप्प्यावर होती सुसाट, शाळेतली सर्वांत वेगवान मुलगी. विक्रम झाला त्याच्या पुढच्याच वर्षी राज्याच्या अंतिम शर्यतीत या दोघींच्या मध्ये बॅटन पडला. भोंगाचं म्हणणं, मी तो हिच्या तळहातावर ठेवला होता, हिने मूठच मिटली नाही. सुसाटचं म्हणणं, मी धरायच्या आधीच हिने सोडला. शाळा संपली की हे भांडणही संपलं असतं. पण भोंगाच्या थोरल्या भावाने जगातल्या सगळ्या मुली सोडून नेमकी सुसाट पसंत केली, लग्न केलं आणि तो बॅटन कायमचा घरात आला.

तेव्हापासून तो अधूनमधून पडतच होता. जेवणाच्या टेबलावर एकीने दुसरीला आमटीचं भांडं दिलं आणि दोन थेंब सांडले, की सगळे श्वास रोखून बसत. सगळं आलबेल असलं की दोघी एकमेकींना भोंगा आणि सुसाट म्हणत. बिनसलं की वन्सं आणि वहिनी. दादाचं औषधांचं दुकान होतं. दुकानातून घरी आल्यावर आतून 'वन्सं' ऐकू आलं, तर तो चपला न काढता परत दुकानात जाई.

त्या संध्याकाळी बाई दादाकडे गेल्या तेव्हा दारातच नवेकोरे पळायचे बूट दिसले. डोळ्यांत खुपावेत असे नारिंगी.

"तुलाही फोन आला तर," बाई म्हणाल्या.

"सकाळीच आला," वहिनी म्हणाली. "आधी मला केला त्यांनी."

"आणि बूट कशाला? धावायचं थोडंच आहे."

"कार्यक्रम मैदानावर आहे. मैदानावर बूटच घालतात, वन्सं."

दादाने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. भाषण कोणी करायचं, हा खरा प्रश्न होता. बाईंचं म्हणणं, माझा आवाज मोठा आहे. वहिनीचं म्हणणं, माइक असणार आहे, आवाजाचं काय लोणचं घालायचंय. रेषा मी ओलांडली होती, तर भाषणही मीच करणार. तासाभराने असं ठरलं की पडदा दोघींनी मिळून ओढायचा, भाषण वहिनीने करायचं, आणि त्यात राज्याच्या अंतिम शर्यतीचा उल्लेखही करायचा नाही. दादाने भाषण लिहून दिलं. वहिनीने ते भाजी चिरताना, गादी झटकताना, शेजारणीशी बोलतानासुद्धा पाठ केलं. 'जो विक्रम आजवर कोणालाही मोडता आला नाही' हे वाक्य आलं की ती थांबून किंचित मान वळवायची. टाळ्यांसाठी जागा ठेवली होती.

समारंभाच्या दिवशी मैदानावर मंडप होता. खुर्च्या भरल्या होत्या. पहिल्या टप्प्याची मैत्रीण दूरदेशी राहायची, तिने आपलं बोलणं रेकॉर्ड करून पाठवलं होतं. ते शाळेबद्दल थोडं आणि तिच्या कुत्र्याच्या आजारपणाबद्दल बरंच होतं. दुसऱ्या टप्प्याची मैत्रीण आता दातांची डॉक्टर होती. ती आल्या आल्या न सांगताच मंचावर बाई आणि वहिनीच्या मधल्या खुर्चीत बसली. लग्नकार्यात, वाढदिवसांना, सगळीकडे ती तिथेच बसत आली होती.

व्यासपीठाच्या बाजूला फलक उभा केला होता, निळ्या पडद्याआड.

"फलकाच्या आधी आमच्या मुलींचं एक छोटं प्रात्यक्षिक," मुख्याध्यापिकांनी जाहीर केलं. "आपल्या पाहुण्यांना मानवंदना म्हणून आजचा रिले संघ मैदानाला एक फेरी मारेल."

खेळाचे सर तरुण होते, उत्साही होते, आणि आदल्या दिवशी मुलींना बजावायचं त्यांच्याकडून राहून गेलं होतं की ही मानवंदना आहे, शर्यत नव्हे. सवयीने त्यांनी शिट्टी वाजवली आणि सवयीनेच हातातलं घड्याळ सुरू केलं.

पहिली मुलगी निघाली तेव्हा बाई कौतुकाने हसत होत्या. दुसरीने बॅटन घेतला तेव्हा हसू राहिलं, पण भुवया आक्रसल्या. वेग नुसत्या नजरेने ओळखणं हा बाईंचा धंदाच होता. तिसरी मुलगी वळणावर आली आणि बाईंचा उजवा पाय टेबलाखाली आपोआप ब्रेक शोधू लागला. डॉक्टरांच्या नडगीला तो लागला तेव्हा त्या कळवळल्या.

"फार जोरात नाही का पळत या?" बाई पुटपुटल्या.

पलीकडून वहिनीचा आवाज आला, अगदी हळू, दातांतल्या दातांत. "पाड गं. पाड."

"काय म्हणालीस?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. पाणी मागितलं."

बॅटन पडला नाही. लोणी कापावं तसा तो एका हातातून दुसऱ्या हातात गेला. चौथी मुलगी काटकुळी, दोन वेण्यांची, मानवंदना वगैरे काही ठाऊक नसल्यासारखी धावली आणि रेषा ओलांडून कुंपणाला जाऊन थडकली.

सरांनी घड्याळ पाहिलं. मग डोळे चोळून पुन्हा पाहिलं. त्यांचा चेहरा आधी उजळला, मग मंचाकडे लक्ष गेल्यावर उतरला. ते मुख्याध्यापिकांच्या कानाशी लागले. मुख्याध्यापिकांनी पडद्याकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं, आणि रुमालाने कपाळ टिपलं.

"जरा अडचण झाली आहे," त्या खाली वाकून म्हणाल्या. "मुलींनी तुमचा विक्रम मोडला. अगदी थोडक्यात. एखाद्या शिंकेइतका फरक आहे."

डॉक्टर खो खो हसत सुटल्या. बाकी दोघी हसल्या नाहीत.

"घड्याळ तपासा," बाई म्हणाल्या.

"आणि मैदान मोजा," वहिनी म्हणाली. "आमच्या वेळी मैदान मोठं होतं."

"बरोबर आहे, बरंच मोठं होतं," बाई म्हणाल्या.

समोर पहिल्या रांगेत बसलेल्या दादाच्या हातातला कॅमेरा खाली आला. बायको आणि बहीण एका बाजूने बोलताना त्याने आजवर पाहिल्या नव्हत्या. त्याला आनंद व्हावा की भीती वाटावी, ते कळेना.

सरांनी दुसरं घड्याळ आणलं. एका पालकाने फोनवर सगळी शर्यत टिपली होती, तीही पाहिली. वेळ तीच निघाली. मग लांब टेप आली, चुन्याच्या रेषेवर अंथरली गेली, आणि दोघी टेपच्या दोन टोकांशी जातीने उभ्या राहिल्या; वहिनी नारिंगी बुटांत, बाई चष्मा कपाळावर चढवून. भरलेला मंडप मान वळवून वळवून टेपबरोबर फिरला.

मोजून झाल्यावर सर उठले, ते भलतेच संकोचून. "मॅडम, तिकडे नवीन इमारत झाली तेव्हा वळण थोडं बाहेर सरकवावं लागलं होतं. म्हणजे मैदान लहान नाही झालेलं. उलट थोडं मोठं झालंय."

"म्हणजे?" वहिनीने विचारलं.

"म्हणजे मुली तुमच्यापेक्षा जास्त धावल्या. एक शिंक नाही, दोन-तीन शिंका धराव्या लागतील."

वहिनीने टेपचं टोक सोडलं. टेप सुर्रकन गुंडाळत सरांच्या हातात गेली.

"चल भोंगा, बसू," ती म्हणाली. "आणखी तपासलं तर आपण शर्यतीत नव्हतोच असं निघेल."

मुख्याध्यापिका कार्यक्रम पुढे ढकलू म्हणत होत्या, पण दोघींनी ऐकलं नाही. ठरल्याप्रमाणे दोघींनी मिळून दोरी ओढली. निळा पडदा बाजूला झाला आणि सोनेरी अक्षरं झळकली: चौघींची नावं, वेळ, आणि खाली ठसठशीत, 'आजतागायत अबाधित.'

मग मागच्या रांगेतून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि पाठोपाठ अख्खा मंडप हसला. मुख्याध्यापिकांनी पडदा पुन्हा ओढायचा प्रयत्न केला, पण तो अर्ध्यावर अडकला आणि 'अबाधित' तेवढं उघडं राहिलं.

वहिनी माइकपाशी गेली. इतक्या दिवसांचं पाठांतर, पण पहिलंच वाक्य निकामी झालं होतं. तिने मान वळवली, तोंड उघडलं, मिटलं. समोर दादा ओठ हलवून तिला तेच वाक्य सुचवत होता.

"मी भाषण पाठ करून आले होते," ती शेवटी म्हणाली. "ते आता खोटं झालंय. ज्यांनी खोटं केलं त्यांना वर बोलवा."

चौघी मुली घाबरत मंचावर आल्या. आपण पाहुण्यांचा काहीतरी मोठा अपमान केलाय, एवढं त्यांना कळलं होतं. दोन वेण्यांची मुलगी रडायच्या बेतात होती.

"रडतेस कशाला? कुंपण नको होतं मोडायला, बाकी ठीक आहे," वहिनी म्हणाली. लोक हसले, मुलगीही नाक पुसत हसली. मग वहिनीला राहवेना. "मला सांग, बॅटन घेताना तू मागे बघतेस?"

"नाही. हात मागे धरते. ही ठेवते."

"आणि तू ठेवताना ओरडतेस की नाही?" बाईंनी जागेवरूनच तिसरीला विचारलं. त्यांना माइकची खरंच गरज नव्हती.

"नाही. तिला कळतं."

"पण समजा पडला तर?" वहिनीने विचारलं. "मग कोणी पाडला म्हणायचं?"

खाली बसलेल्या दादाने डोळे मिटून घेतले.

दोन वेण्यांच्या मुलीने तिसरीकडे पाहिलं. प्रश्न तिला फारच सोपा वाटला असावा. "दोघींनी," ती म्हणाली. "तो त्या वेळी दोघींच्याच हातात असतो ना."

मंडपात टाळ्या पडल्या; उत्तर हजरजबाबी होतं म्हणून. आत काय घडलं ते तिघाचौघांनाच कळलं. बाई समोर पाहत राहिल्या, जणू समोरून ट्रक येत होता. डॉक्टर उठल्या, त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि टोकाला नेऊन ठेवली. वहिनी परत आली तेव्हा बाईंच्या शेजारची जागा रिकामी होती. ती तिथे बसली.

"शहाणी आहे मुलगी," थोड्या वेळाने बाई म्हणाल्या.

"हो. पण हात जरा खाली धरते."

"खालीच धरते. मीही बघितलं."

चहा झाला, फोटो झाले. लगेच सगळं गोडीगुलाबीने झालं असं मात्र नाही. परतीच्या वाटेवर गाडीत वहिनी म्हणाली की चौथ्या टप्प्यात ती पोरगी काही माझ्याहून वेगवान नव्हती. जे कमावलं ते त्यांनी तिसऱ्या टप्प्यात कमावलं.

"म्हणजे विक्रम माझ्यामुळे गेला?" बाईंनी विचारलं.

"मी असं म्हटलं का?"

"अर्थ तोच होतो."

मागच्या सीटवर दादा खिडकीची काच खाली करून वारा खात बसला. पण घरी पोहोचेपर्यंत त्याला 'वन्सं' ऐकू आलं नाही. वाद वेगळाच होता, नवा होता, आणि दोघी तो चवीने घालत होत्या.

पुढच्या आठवड्यात फलकावर पेंटरने 'आजतागायत' खोडून तिथे ज्या दिवशी विक्रम मोडला ती तारीख आणि पुढे 'पर्यंत' एवढं घातलं, आणि शेजारी नवा फलक लावला. त्यावर कुठेही अबाधित वगैरे लिहायचं नाही, असं मुख्याध्यापिकांनी दोनदा बजावलं. खेळाच्या सरांनी विनंती केली म्हणून भोंगा आणि सुसाट सकाळी मैदानावर जाऊ लागल्या. बॅटन द्यायच्या जागेवर एक या बाजूला, एक त्या बाजूला. एक म्हणे हात वर, दुसरी म्हणे खाली. मुली दोघींना "हो मॅडम" म्हणत आणि आपल्याला हवा तिथे हात धरत.

जिल्ह्याच्या स्पर्धेत त्या मुली पहिल्या आल्या. शेवटच्या वळणावर बाई अशा ओरडल्या की शेजारच्या शाळेच्या बँडमास्तरने दचकून वळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज पार बसला होता. बँकेतल्या अधिकाऱ्यांना त्यांनी पहिल्यांदाच हातांच्या खुणांनी गाडी शिकवली, आणि एरवी घाबरणारे ते गृहस्थ त्या दिवशी एकदाही करकचून ब्रेक न मारता बाजारातून गाडी काढून घेऊन आले.