आवाज न करणारं मशीन

आमच्या ह्यांना देवाने तोंड जेवण्यापुरतंच दिलंय, असं मी लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात म्हटलं होतं आणि ते आजही मागे घेत नाही. माणूस हुशार, पण आपणहून काही सांगेल तर शपथ. त्या एका सवयीपायी शहाऐंशी सालच्या मे महिन्यात आमचा संसार परत दोन गावांत वाटला जाणार होता.

हे, म्हणजे भास्कर, मुंबईला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत आणि मी रत्नागिरीत सासूबाईंची दुखणी काढत. नवरा भेटायचा गणपतीला आणि शिमग्याला. मग राजाभाऊंनी ह्यांना बोलावून घेतलं. राजाभाऊंचा हातखंब्याच्या रस्त्यावर आंब्याच्या रसाचा कारखाना. रसाचे बंद डबे वाफेच्या मोठ्या टाकीत शिजवले की ते वर्षभर टिकतात. कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, वाफ किती वेळ धरायची, कधी सोडायची, हे आपोआप करणारी पेटी ह्यांनी स्वतः बनवली. पेटीने काय करायचं तो प्रोग्रॅम कॅसेटवर असायचा आणि साध्या टेपरेकॉर्डरवरून पेटीत भरायचा. लहान डब्यांचं छान चाललं होतं. त्या शनिवारी मोठे डबे पहिल्यांदाच होते आणि त्यांचा प्रोग्रॅम नवा होता.

"भास्कर, ही खेप नीट निघाली तर पेटी कायमची आणि तूही कायमचा," राजाभाऊ म्हणाले होते. "नाहीतर सोमवारी मी हाताचे व्हॉल्व्ह परत बसवतो बाबा."

हे रजा काढून आले होते, आणि मुंबईची कंपनीही सोमवारी हजर व्हा म्हणत होती. ह्यांनी शनिवारच्या एस.टी.चं तिकीट काढून ठेवलं. मला सांगितलं? छे! शर्ट धुवायला घेतला तेव्हा खिशात सापडलं.

म्हणून मी जेवणाचा डबा आणि ह्यांची बॅग भरून घेऊन सरळ कारखान्यात गेले. म्हटलं, जायचंच असेल तर माझ्या डोळ्यांदेखत जा. परत ते गणपती आणि शिमगा माझ्याच्याने होणार नव्हतं. रागापेक्षा रडूच जास्त येत होतं, खरं सांगते.

मी पोचले तेव्हा हे कॅसेट लावून माठाकडे पाणी प्यायला गेले होते. टेप फिरत होता, पेटीवर एक लाल दिवा, बाकी सगळं चिडीचूप. तेवढ्यात बॉयलरवरचे जुने फोरमन आप्पा ताटात कुंकू, हार आणि नारळ घेऊन आले. नवी खेप म्हटली की आप्पांचा नारळ ठरलेला. आणि त्यांचा एक नेम होता, चालत्या मशीनला कुंकू लावायचं नाही. मशीनला आधी विसावा द्यायचा, मगच गाऱ्हाणं घालायचं. टाकी थंड, पंप गप्प, म्हणजे त्यांच्या लेखी मशीन बंदच होतं. तरी नेम तो नेम. त्यांनी भिंतीवरचा विजेचा मोठा खटका खाली पाडला.

टेप थांबला. लाल दिवा विझला.

"बा देवा म्हाराजा," आप्पांनी सुरुवात केली, "आज ही जी नवीन खेप लागतेय..."

"व्हय म्हाराजा!" कामगार म्हणाले.

"खटका कोणी पाडला?" हे माठापासून ओरडत आले. इतका मोठा आवाज ह्यांच्या गळ्यात आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं.

खटका वर केला, पण पेटीवर आकड्यांऐवजी नुसत्या आडव्या रेघा. नवा प्रोग्रॅम अर्धाच चढला होता आणि चढताना त्याने जुना पुसून टाकला होता. हाताचे व्हॉल्व्ह आदल्या आठवड्यात काढलेले. आणि समोर गरम रस भरून बंद केलेले डबे रांगेने उभे. संध्याकाळपर्यंत वाफ मिळाली नाही तर ते फुगायला लागणार, ते काय कोणाला सांगायला हवं?

आप्पांनी ताट खाली ठेवलं. "वैनी, मी चालू मशीन नाय बंद केलंय. आवाज तरी होता काय त्याचा?"

"तुमची चूक नाही, आप्पा," हे म्हणाले. "मी सांगायला हवं होतं."

हवं होतं ना? मग!

पेटीत एक चिप अशी होती की तिला कॅसेट वाचायची कशी एवढंच कायमचं येत होतं. एक बटण दाबून धरत खटका वर केला की ती जागी होते. ती झाली. ह्यांनी टेप मागे घेऊन पुन्हा लावला. अर्ध्यावर आल्यावर पेटीने चूक दाखवली. परत लावला, परत तिथेच. हे कॅसेट काढून बघतात तर टेप बोटभर चुरगळलेला. वीज गेली तेव्हा रेकॉर्डरच्या रबरी चाकाने तो तसाच चिमटीत धरून ठेवला होता. दुसरी कॅसेट? ती केलीच नव्हती.

हे खाली फरशीवर बसले. मग एकदम म्हणाले, "चुरगळलेल्याच्या आधीचं सगळं आत आहे. पेटीतली बॅटरी ते जपते. पुढचं मी टेप सरकवून भरतो. मधलं तेवढं हाताने."

पुढचं भरलं, बिनबोभाट. आप्पा खटक्याला पाठ लावून, हात पसरून उभे राहिले. कोणी जवळून गेलं तरी डोळे वटारत होते.

पण मधला तुकडा कुठला तर वाफ बंद करण्याचा. म्हणजे वाफ सुरू होणार आणि थांबणारच नाही. तो तुकडा आता कुठेही नव्हता, होता तो फक्त ह्यांच्या डोक्यात. खोक्याचा पुठ्ठा फाडून हे आठवून आठवून आकडे सांगायला लागले आणि मी पेन्सिलने लिहून घ्यायला लागले. एकेक आकडा पेटीत एकेका घरात बसतो, म्हणून मी शेजारी घरांचे नंबरही घातले. मग हे पुठ्ठ्यावरून बघून पेटीची बटणं दाबत गेले. घामाने बोटं घसरत होती, पदराने मी ती पुसत होते.

बॉयलरची वाफ न सोडता नुसत्या दिव्यांवर चाचणी घेतली. वाफेचा दिवा लागला. ठरलेला वेळ झाला, तो विझायला हवा. विझला नाही. तसाच ढिम्म जळत राहिला. ह्यांनी पुठ्ठा वरपासून खाली वाचला, पुन्हा चाचणी घेतली. दिवा जळतोच आहे. गडबड ऐकून आलेले राजाभाऊ घड्याळाकडे बघून बाहेर निघून गेले.

"बॅग आणलीस ते बरं केलंस," हे म्हणाले आणि बॅगेवरच बसले.

मग मात्र माझा तोल गेला. "बरं केलं? अहो, मी मरते इथे! तुम्हाला परत त्या गाडीत बसलेलं बघायला मी आलेय असं वाटतं तुम्हाला? चुकलं कुठे ते शोधा! तुम्ही आठवलंत ते मी घरं मोजून लिहिलंय. सात, आठ, नऊ, दहा, एकही घर सुटलेलं नाही, बघा!"

हे ताडकन उठले. "काय म्हणालीस? नऊनंतर दहा?"

"मग काय अकरा?"

"ए येतो, कुसुम! पेटीच्या मोजणीत नऊनंतर ए, मग बी, असं एफपर्यंत, आणि मग दहा! वेळ संपला की अमक्या घरावर उडी मार, अशी आज्ञा आहे. तो घराचा नंबर मी तुझ्या पुठ्ठ्यावरून घेतला. ती भलत्याच घरात उडी मारतेय!"

"आणि हे मला आधी सांगता येत नव्हतं? शिंचं ते तोंड कशाला दिलंय देवाने?"

हे हसले. त्या परिस्थितीत हसले! मलाही हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही यायला लागलं. एकच आकडा बदलायचा होता. ह्यांनी बदलला. दिवा लागला, वेळ झाला आणि दिवा विझला. मी देवाचं नाव घेतलं, आप्पांनी तर भिंतीलाच नमस्कार केला.

मग खरी वाफ. टाकी गरजली, थांबली, फुसकारत मोकळी झाली, सगळं पेटीच्या हुकमाप्रमाणे. डबे बाहेर आले. राजाभाऊंनी एकाच्या झाकणावर टिचकी मारून आवाज ऐकला, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. तिन्ही खणखणीत वाजले.

"राहू दे पेटी," ते म्हणाले.

"आता नारळ फोडू काय?" आप्पांनी विचारलं.

"फोडा," हे म्हणाले, "पण खटका असू दे वर."

आम्ही घरी जायला रस्त्यावर आलो. बॅग ह्यांच्या हातात. तेवढ्यात मुंबईची एस.टी. आली, आणि ह्यांना बघून ड्रायव्हरने थांबवली. कंडक्टर ओळखीचा, कितीदा ह्यांना घेऊन गेलेला. त्याने दार उघडलं. "या भास्करराव, लवकर!"

हे नुसते उभे. पेटी राहू दे असं राजाभाऊ म्हणाले होते, पण ह्यांनी राहायचं की नाही, यावर ह्यांच्या तोंडून दिवसभरात एक अक्षर निघालं नव्हतं. माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं, पण मी ठरवलं, मेले तरी मी बोलणार नाही.

"नाही येत," हे पुटपुटले. इंजिनच्या घरघरीत कंडक्टरला काय ऐकू जाणार! तेव्हा ह्यांनी बॅग खाली ठेवली आणि ओरडले, "नाही येत मी! इथेच राहणार आहे! घरी!"

सगळी गाडी खिडक्यांतून बघायला लागली. कंडक्टरने घंटी मारली, गाडी गेली.

"अहो, ओरडताय काय एवढे?" मी म्हटलं. "त्या कंडक्टरला काय करायचंय?"

"त्याला नाही," हे म्हणाले. "तुला सांगितलं."