एका बोटाचं ब्लेड

रोज सकाळी तेच. गालाला फेस लावून तिने रेझरचे दोन हात फिरवले की नवरा डाव्या हाताचं एक बोट वर करी. उजवं अंग लुळं, वाचा गेलेली, बोलणार कशाने? एक बोट म्हणजे लघवी, हे शाळेतलं पोरही सांगेल. मग रेझर ठेवायचा, भांडं आणायचं, तो आडदांड देह कुशीवर वळवायचा. भांडं कोरडंच. परत फेस, परत बोट.

“छळा, छळा मला,” ती म्हणे. कंबर तर मोडलीच होती, पण कंबरेच्या आधी मन मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, यांना आता फारसं कळत नसावं. लेकीने एका संस्थेत जागा बघितली होती, सोमवारी गाडी न्यायला येणार होती. आईने हो म्हटलं होतं. हो म्हणताना रडूही आलं नाही, इतकी ती थकली होती.

रविवारी सकाळी त्याचा कारखान्यातला जुना सोबती भेटायला आला. दोघांची उभी हयात ब्लेडच्या कारखान्यात गेली, तीही दाढी करण्यात. लोक हसत, पण काम खरंच ते होतं. आरशांच्या रांगेत बसायचं, नव्या ब्लेडने स्वतःची दाढी करायची, आणि तेच ब्लेड किती दाढ्या तग धरतं ते सांगायचं. नवरा त्यात भलता खडूस. बायकोच्या चहालाही त्याने कधी उगाच बरं म्हटलं नव्हतं.

दाढी चालू होती. बोट वर गेलं. ती भांड्याकडे वळली, तसा सोबती हसत सुटला.

“वहिनी, भांडं कशाला? मार्क देतोय तो! आमच्याकडे यंत्रांचा हा गोंगाट, त्यात तोंड उघडलं की साबण आत. म्हणून बोटं दाखवायचो. पाच म्हणजे लोणी, एक म्हणजे फेकून दे. कधीपासून वापरताय हे ब्लेड?”

तिने माळ्याकडे बोट दाखवलं. नव्या ब्लेडचं खोकं माळ्यावर होतं, स्टुलावर चढायला गुडघे तयार नव्हते, आणि ज्याला काही कळतच नाही त्याला नवं काय नि जुनं काय! तेच बोथट ब्लेड ती धुऊन धुऊन त्याच्या गालावर ओढत आली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

सोबती खोकं काढून देऊन गेला. तिने नवं ब्लेड बसवलं, गालावरून फिरवलं आणि हात थांबवून वाट पाहिली. पंजा हळूहळू उघडला. चार बोटं. अंगठा आतच.

“बरं. आणि माझा हात?”

त्याने तिच्याकडे बघितलं. मग दोन बोटं वर आली.

“दोन? तुमचं करून करून हे हात झिजले, आणि दोन?” तिला राग आला, आणि रागातच रडू फुटलं. त्याने बोटं काही खाली घेतली नाहीत.

तिने साबणाच्या हातानेच फोन लावला. “अगं, उद्याची गाडी नको म्हणून सांग.”

“का गं आई? बाबा बरे आहेत ना?”

“बरे कसले! नावं ठेवतायत मला,” ती म्हणाली, आणि उरलेला गाल करायला गेली.