खिडकीतला हात

मुलाने नव्या गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. मी विचारलं, "आपली गाडी कुठाय?"

"भंगारात दिली, आई."

तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी सर्व्हिसिंगला नेतो म्हणून घेऊन गेला होता, आणि मी खुळी त्याला सांभाळून चालव म्हणाले होते.

त्या गाडीला मी काही कमी शिव्या दिलेल्या नाहीत. माझ्या बाजूचं दार आतून उघडायचंच नाही, काच खाली करून हात बाहेर घालावा लागे. थंडीत चोक ओढून तिची मनधरणी करायची. हॉस्पिटलच्या लॅबमधल्या माझ्या हाताखालच्या पोरी तिला खटारा म्हणायच्या. होतीच ती खटारा. पण तिचा डॉक्टर घरातच होता. माझा नवरा गाड्यांचा मेकॅनिक. गेल्या वर्षी ह्यांचं उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली, आणि सगळी हयात गाड्यांखाली काढलेला माणूस खिडकीपाशी खुर्चीत येऊन बसला.

रोज सकाळी मी गाडी सुरू करून थांबायचे. हे मान तिरकी करून ऐकायचे. आवाज बरा वाटला की डावा हात वर करायचे, मग मी निघायचे. नाही वाटला तर बोटाने बॉनेट उघडायची खूण. मी आतल्या एकेका भागावर हात ठेवायचा आणि हे मान हलवणार, बिघाड सापडेपर्यंत. कामावर बोलणी खाल्ली, पण हात वर झाल्याशिवाय मी कधी निघाले नाही. ह्यांना विचारून होणारं घरात तेवढंच उरलं होतं.

"बापाचं काम घालवून आलास तू," मी मुलाला म्हटलं.

तो म्हणाला, तू रस्त्यात अडकलीस तर बाबांकडे कोण बघेल, ह्याच धास्तीने केलं. काळजीपोटी केलंन हे कळत होतं, त्यानेच डोकं आणखी फिरलं. त्याने भंगारवाल्याला फोन लावला. गाडी दुपारीच कापून झाली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळली.

मग तोच बापासमोर जाऊन बसला. गाडी विजेवरची आहे, आवाज करत नाही, असं दोनदा समजावलं. ह्यांनी मान डोलावली. किती कळलं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी हे नेहमीसारखे खिडकीत. मी बटण दाबलं. कुठे काही वाजलं नाही. ह्यांनी मान तिरकी केली, मग आणखी तिरकी केली. हात मांडीवरच.

"आई, चालू आहे ती. नीघ ना," मुलगा म्हणाला.

"तू गप्प बस," मी म्हटलं.

ह्यांनी बोट उचललं आणि बॉनेटची खूण केली.

मी उतरले. बॉनेट उघडलं. आत नुसतं काळं, गुळगुळीत झाकण होतं. मी त्यावर हात ठेवला आणि ह्यांच्याकडे बघितलं.